माळढोकाचा माळ



इतिहासाच्या व्याख्यानासाठी एका पक्ष्याचा विषय निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास राजांचा असतो, लढायांचा असतो, फार तर संतांचा नि संस्थांचा असतो; पक्ष्याला कसला आला आहे इतिहास? पक्षी आपला इतिहास घडवीत नाही, ही गोष्ट खरी. परंतु माणूस जमिनीचा इतिहास घडवितो आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक जिवाला तो भोगावा लागतो. दोनशे वर्षांपूर्वी नगर-सोलापूरकडच्या माळांवर जो पक्षी थव्याथव्यांनी हिंडत होता, त्याचे आज महाराष्ट्रात एखाद-दुसऱ्याने दर्शन दिले, तरी ती वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी होते. हा बदल कसा झाला, कोणाच्या हातून झाला आणि कोणत्या हेतूने झाला, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. शिकाऱ्यांचा वाटा बाजूला काढला, तर या पक्ष्याच्या निर्वंशाला दुष्टपणा फारसा कारण झालेला नाही. पुष्कळसा नाश चांगल्या हेतूंनी झाला आहे. आणि पृथ्वीचे हवामान बदलत असताना, त्या संकटावरचा उपाय म्हणून आणखी एक चांगला हेतू आज माळाच्या वेशीवर येऊन उभा आहे. म्हणून हा इतिहास सांगण्याची आजच गरज आहे, असे मला वाटते.

पक्षी आणि त्याचे घर

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. ढोक म्हणजे करकोच्याच्या जातीचा उंच पायांचा पक्षी. माळावर राहणारा ढोक तो माळढोक, असे आपल्या लोकांनी त्याला नाव दिले. शास्त्रदृष्ट्या त्याचे कुळ करकोच्याहून निराळे आहे, पण नाव ठेवणाऱ्याची नजर चुकलेली नाही. नर उभा राहिला म्हणजे मीटरभर उंच दिसतो. त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. एवढे वजन घेऊन आकाशात उडणारे पक्षी जगात फार थोडे आहेत. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपटीचा पंखा उभारून एक घुमणारा खोल आवाज काढतो. त्यावरून आपल्याकडे त्याला ‘हूम’ असेही म्हणत. राजस्थानात तो गोडावण, गुजरातेत घोराड, आंध्रात बट्टमेक. ज्याला इतक्या भाषांनी आपापले नाव दिले, तो एके काळी किती मुलखात पसरला असेल, याची कल्पना एवढ्यावरून येईल.

या पक्ष्याच्या संसाराचे तीन नियम आहेत आणि पुढचा सारा इतिहास त्यांवर अवलंबून आहे. पहिला असा, की मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. घरटे म्हणून काडीसुद्धा रचीत नाही. सुमारे चार आठवडे ती एकटीच ते उबविते. कुत्रे, कोल्हा, मुंगूस, गुरांचे खूर किंवा एखादा अवेळी कोसळलेला पाऊस, यांपैकी कशानेही तो हंगाम वाया जातो. ज्या जातीची वाढ इतकी सावकाश होते, तिचे नुकसानही तितकेच सावकाश भरून निघते. दुसरा नियम असा, की त्याला चहूकडे मोकळी नजर लागते. आपल्याला झाड म्हणजे आसरा वाटतो; त्याला झाड म्हणजे शत्रूचा आडोसा वाटतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातले दाणे यांवर गुजराण करीत तो दिवसभर चालत असतो आणि चालता चालता क्षितिज न्याहाळीत असतो. तिसरा नियम त्याच्या डोळ्यांचा आहे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे आसपासचे पुष्कळ दिसते, पण उडताना नाकासमोरचे फार थोडे दिसते. हजारो वर्षे याने काही बिघडले नाही, कारण माळाच्या आकाशात समोर आडवे येण्यासारखे काही नव्हतेच.

माळ किती जुना?

आता त्याच्या घराकडे वळू. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरले, की पावसाची सावली लागते. पूर्व पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे आटपाडी-जत आणि मराठवाड्याचा बराच भाग या सावलीत येतो. पाऊस पुष्कळ ठिकाणी सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. बेसाल्टच्या खडकावर मुरमाचा पातळ थर आणि त्यावर कुसळी, मारवेल, पवना यांसारखी गवते. मधूनमधून बाभूळ, बोर, तरवड. हा माळ पाहून सरसकट सर्वांची अशी समजूत होते, की येथे पूर्वी घनदाट अरण्य असले पाहिजे. ते माणसाने तोडले, गुरांनी खाल्ले आणि मागे हा उजाड टापू उरला.

ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत आणि लोककथांत पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्याविषयी आलेले वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. त्यांत भर आढळला तो अरण्यातल्या वृक्षांचा नव्हे, काटेरी आणि माळरानी झाडाझुडपांचा. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा माळ माळच होता. धनगरांच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांची कुळकथा मेंढरांच्या वाटेने आणि गवताच्या शोधाने चालते. ज्या लोकांनी आपले देव माळावर बसविले, त्यांना तो ओसाड वाटत नव्हता.

किंबहुना दख्खनचा मेंढपाळ, काळवीट, लांडगा, तणमोर आणि माळढोक हा एका घरातला परिवार होता. चित्ताही त्यात होता. कोल्हापूर संस्थानात चित्ते बाळगून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवीत, हे आपण ऐकले असेल. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्याच घरातल्या दुसऱ्या रहिवाशाची पाळी आता आली आहे.

बंदूक

शिकारीचा इतिहास जुना आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात या पक्ष्याच्या मांसाच्या चवीची वाखाणणी केली आहे. परंतु ससाणा आणि बाण यांच्या शिकारीला मर्यादा असते; बंदुकीने ती मर्यादा मोडली. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस. ही नोंद वाचून संताप येतो, पण इतिहासकाराने संताप गिळून तीच नोंद दुसऱ्या बाजूनेही वाचली पाहिजे. एक माणूस एका जिल्ह्याच्या आसपास वीस वर्षे सतत मारीत राहिला आणि तरी त्याला पक्षी मिळत राहिले! त्या माळाची श्रीमंती किती असली पाहिजे? पुढे जालन्याला नेमणुकीवर असलेल्या टी. सी. जर्डन या सर्जनाने १८६२ ते १८६४ च्या दरम्यान प्रसिद्ध केलेल्या आपल्या पक्षिग्रंथात वीस-पंचवीस पक्ष्यांचे थवे पाहिल्याचे नमूद केले आहे. म्हणजे मॅन्सफील्डनंतर पिढी उलटली तरी माळढोक टिकून होता. बंदुकीने तो कमी झाला, पण घर शाबूत होते तोवर वंश चालू राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी आली आणि शिकारी माळावर कोठेही पोहोचू लागला. हा घाव मोठा होता. तथापि तोवर घराच्या भिंतीही ढासळू लागल्या होत्या.

नांगर

भिंती ढासळण्यास आरंभ झाला तो महसुली दप्तरात. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये रयतवारी बसविली. आरंभीचा सारा इतका जड होता, की शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी मोजणी करून सारा उतरविला. रयतेला दिलासा मिळाला, पडलेल्या जमिनी पुन्हा वहितीला आल्या आणि हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाने याचे स्वागतच करावे. पण या पद्धतीच्या पोटात एक विचार दडलेला होता. जी जमीन सारा देते ती जमीन. जी देत नाही ती पडीक. गवत वाढविणारी, मेंढरे पोसणारी, पक्षी सांभाळणारी जमीन ही या हिशेबात रिकामी ठरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ च्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा ही ‘रिकामी’ जमीन नांगराखाली घेण्याचा हव्यास आणखी वाढला.

तरीही जिरायत शेती आणि माळढोक यांचे फारसे वाकडे नव्हते, हे विसरून चालणार नाही. ज्वारी, बाजरी, तूर, भुईमूग यांच्या शेतांत तो मुक्तपणे हिंडे आणि किडे टिपी. रब्बी ज्वारी काढली, की पुढचा पाऊस पडेपर्यंत शेत मोकळेच असे. पाणी आले आणि हा सलोखा संपला. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. विहिरी आणि पंप आले. ऊस आला, द्राक्ष आले. ज्या सोलापूर जिल्ह्याची ओळख दुष्काळाने होत असे, तो साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले, त्याची मुले शिकली. याबद्दल खंत करणारा माणूस दुष्काळ न पाहिलेला असला पाहिजे. पण उसाच्या फडात आणि द्राक्षाच्या मांडवात माळढोकाला पाऊल टाकता येत नाही. त्याच्या दृष्टीने ती भिंतच आहे.

दुष्काळ आणि झाडे

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. त्याच सुमारास सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सोलापूरपासून जवळच असलेल्या नान्नजच्या माळावर माळढोक टिकून असल्याचे लोकांच्या नजरेस आणले. पुढे त्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्राच्या विकासकार्यक्रमाखाली नान्नजच्या परिसरात काही गवताळ तुकडे चराईपासून राखले गेले. राखले कशासाठी? गवत वाढावे, माती धरली जावी, जनावरांना वैरण मिळावी यासाठी. पक्ष्याचा विचार त्यात मुळीच नव्हता. परंतु गवत वाढले, नाकतोडे वाढले आणि माळढोकाने तेथे आसरा घेतला. माणसाने दुष्काळावर जो उपाय केला तोच पक्ष्याचाही उपाय ठरला, असे या सबंध इतिहासातले हे एक दुर्मिळ उदाहरण आहे. ते लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

दुर्दैवाने गवत राखणे हे काम आपल्याला काम वाटत नाही. खड्डा खणावा, रोप लावावे, समारंभ करावा, हे काम वाटते. माळ म्हणजे उजडलेले अरण्य, ही समजूत मुरलेली असल्यामुळे ठिकठिकाणच्या माळांवर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प यांची लागवड झाली. नान्नजच्या राखीव गवतातही गिरिपुष्पासारखी झाडे उभी राहिली आणि पुढे ती काढण्याची पाळी आली. वृक्षारोपणाला विरोध करणारा माणूस आज समाजात तोंड दाखवू शकत नाही. पण जेथे वृक्ष होते आणि तोडले गेले तेथे लावणे निराळे, आणि जेथे हजारो वर्षे गवतच शोभले तेथे लावणे निराळे. गवत आपले पुष्कळसे धन जमिनीखाली मुळांत ठेवते. हवेतला कर्बवायू घेऊन ते मातीत साठविते, आणि वरचे पाते वणव्यात जळाले किंवा दुष्काळात वाळले तरी ती पुंजी खाली शाबूत राहते. हवामानाचा तोल सांभाळण्यासाठी झाडे लावू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले, तर माळ खणण्याचे श्रम वाचतील.

कागदावरचे अभयारण्य

आता कायद्याकडे वळू. स्वतंत्र भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालली असता सालिम अली यांनी माळढोकाची बाजू घेतली होती. तो केवळ भारतीय उपखंडाचा आणि संकटात असलेला, म्हणून हा मान मिळाल्यास त्याचे रक्षण होईल, असा त्यांचा विचार. १९६३ साली मान मिळाला मोराला. माळढोकाच्या इंग्रजी नावातले एखादे अक्षर चुकले तर भलताच अपशब्द व्हावयाचा, या भीतीने तो मागे पडला, असे गमतीने सांगतात. गंमत सोडून दिली, तरी जो पक्षी देवळात, चित्रात आणि काव्यात आधीच बसला होता त्याला मान मिळाला आणि जो उघड्यावर होता तो उघड्यावरच राहिला, एवढे खरे.

भावनगरच्या राजघराण्यातील पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी १९६९ साली देशभरातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार पूर्ण बंद केली. १९७८-७९ च्या हिवाळ्यात एका अरब राजपुत्राची ससाण्यांनिशी शिकारीची स्वारी जैसलमेरकडे उतरली, तेव्हा राजस्थानातील नागरिक रस्त्यावर आले. त्यातून १९८० मध्ये जयपूरला माळढोकाच्या कुळावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. एवढी जागृती त्याच्या वाट्याला पूर्वी कधीच आली नव्हती.

महाराष्ट्राने १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! राज्यातले ते सर्वांत विस्तीर्ण अभयारण्य ठरले. पण त्यात वनजमीन थोडी आणि शेते, गावे, रस्ते, बाजारपेठा फार. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने माळावर राहणाऱ्या माणसाला विचारले नव्हते. मग जमीन विकायची, बांधकाम करायचे, उद्योग काढायचा, तर आडवे आले अभयारण्य. ज्या पक्ष्याने शेतकऱ्याच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या किडे टिपले, तो आता त्याच्या सातबाऱ्यावर बसला, असे लोकांना वाटू लागले. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथे हीच गोष्ट अधिक कडवटपणे घडली. १९८१ साली अभयारण्य झाले, संरक्षणामुळे काळवीट वाढले, ते पिकांत घुसू लागले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला आणि १९९० च्या दशकात करेऱ्याचा माळढोक नाहीसा झाला. आपल्याकडे मोठ्या वादानंतर २०१२ च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. पण तेहतीस वर्षांत मनात बसलेली अढी नकाशा बदलल्याने जात नाही. आणि त्या वर्षांत पक्षी बहुतेक गेला होता.

यावरून कायदा निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. कायद्याने बंदूक थांबविली. ते त्याचे यश. माळावरच्या माणसाला सोबत घेतल्यावाचून माळ वाचविता येत नाही, हे त्याला उमगले नाही. ही त्याची उणीव.

तारा

दख्खनमधून असा उठत उठत हा पक्षी शेवटी थरच्या वाळवंटात, जैसलमेरच्या आसपास, आपल्या अखेरच्या मोठ्या निवाऱ्याला राहिला. कच्छमध्ये काही माद्या उरल्या. आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात तुरळक. २०११ साली जागतिक यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. २०१८ च्या सुमारास सबंध देशात दीडशेच्या आतबाहेर पक्षी असावेत, असा अंदाज होता. मॅन्सफील्डने एकट्याने जितके मारले, त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही हे कमी.

आणि नेमक्या याच वेळी वाळवंटावर एक नवे संकट आले, पुन्हा चांगल्या हेतूनेच. कोळसा जाळून आपण हवा तापविली. आता तो जाळणे कमी करावयाचे, तर सूर्य आणि वारा यांची वीज हवी. भारताने २०३० पर्यंत पाच लाख मेगावॉट बिगर-कोळसा विजेची उमेद २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जगापुढे मांडली. ऊन आणि वारा जैसलमेरला मुबलक, जमीनही ‘पडीक’. तेव्हा पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांची रांग लागली आणि ती वीज दूर नेण्यासाठी तारांचे जाळे आकाशात विणले गेले. ज्याला उडताना नाकासमोरचे दिसत नाही, ज्याचे शरीर जड असल्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही, त्याच्या वाटेवर ह्या तारा! भारतीय वन्यजीव संस्थेने केलेल्या अंदाजाप्रमाणे थर भागात वर्षाला अठराच्या सुमारास माळढोक तारांवर आपटून मरत होते. एकूण दीडशेपैकी अठरा आणि मादीचे अंडे बहुधा एकच. गणित करण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

हा प्रश्न २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात नेला एम. के. रणजितसिंह यांनी. १९७२ चा कायदा ज्यांच्या हातून घडला, तेच गृहस्थ ऐंशी ओलांडल्यावर त्या कायद्याच्या आश्रिताची दाद मागण्यास उभे राहिले. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने माळढोकाच्या प्रदेशातील तारा, जेथे शक्य असेल तेथे, जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सरकारने म्हटले, की इतक्या अफाट क्षेत्रात हे जमणार नाही, आणि जमविले तर स्वच्छ विजेचा कार्यक्रम थंडावेल. २१ मार्च २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने आधीचा सरसकट आदेश बदलला आणि मार्ग काढण्याचे काम तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविले. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांना घटनेने हक्क आहे. डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशींच्या आधारे पुढचे आदेश झाले.

या खटल्यातील दोन्ही पक्ष पृथ्वीच्या बाजूचे होते, ही त्याची खरी विशेषता. एक म्हणत होता, पृथ्वी तापू नये. दुसरा म्हणत होता, पृथ्वीवरचा हा जीव जाऊ नये. माझ्या मते ह्या दोन गोष्टींत मुळात विरोध नाही. विरोध निर्माण झाला तो जागेमुळे. ऊन सबंध देशावर पडते; माळढोक काही थोड्या टापूंतच राहतो. छपरे आहेत, कालवे आहेत, नापीक झालेल्या खाणी आहेत. अशा स्थितीत वीज नेमकी त्याच्या उरलेल्या घरावर का उभारावी? कारण महसुली दप्तरात ते घर नोंदलेलेच नाही. राजस्थानातील गावकरी आपल्या ओरणांसाठी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानांसाठी, आज हेच गाऱ्हाणे मांडीत आहेत. आपल्या देवरायांचीच ती वाळवंटातली बहीण. देवाला सोडलेली जमीन कागदावर मात्र पडीक.

हा प्रश्न दूर राजस्थानचा म्हणून सोडून देता येणार नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्राने २०२३ पासून सौर कृषी वाहिनीची मोठी योजना हाती घेतली आहे आणि तिच्यासाठी गायरानांसह शासकीय जमिनी दिल्या जात आहेत. रात्री-अपरात्री विंचू-काट्यातून पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यापेक्षा रास्त मागणी कोणती? पण प्रत्येक गायरान सारखे नसते. एखादे खरोखरच रेताड असेल. एखाद्यावर गावाची शेळी-मेंढी, लांडग्याचे बीळ आणि टिटवीचे अंडे असेल. देण्यापूर्वी ते पाहावे, मेंढपाळाला विचारावे, एवढेच म्हणणे आहे.

‘पडीक’ हा शब्द

आता माळढोकाचे पुढे काय? २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात रानातली अंडी गोळा करून ती कृत्रिम उबेने उबविण्याचा आणि पिले वाढविण्याचा प्रयोग चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. केंद्रातील पक्ष्यांची संख्या पन्नासाच्या वर गेली आहे. या कामी अबुधाबीच्या पक्षिसंवर्धन संस्थेचे साहाय्य झाले. ज्या अरब मुलखातून १९७८ मध्ये शिकारी आला, त्याच मुलखातून पुढे जतनाची विद्या आली. इतिहासात माणसे आणि राष्ट्रे बदलू शकतात, याचे हे समाधान देणारे उदाहरण आहे.

परंतु पिंजऱ्यात वाढलेला पक्षी उद्या सोडायचा कोठे? अंडे यंत्रात उबविता येते; माळ यंत्रात उबविता येत नाही. आणि माळाची गरज एकट्या पक्ष्याला नाही. हवामान बदलते आहे म्हणजे आपल्या भागात पाऊस अधिक लहरी होतो आहे: महिनाभर थेंब नाही आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. अशा पावसात माती धरून ठेवणारे, कोरड्या वर्षीही थोडेफार उगवणारे आणि मेंढराला तगविणारे असे या भागात गवताइतके स्वस्त साधन दुसरे नाही. नान्नजला १९७० च्या दशकात दुष्काळाच्या उपायातून माळढोकाला घर मिळाले, हे मी मघाशी लक्षात ठेवण्यास सांगितले, ते यासाठी. माणसाची सोय आणि पक्ष्याचा निवारा एकाच कुरणात नांदू शकतात. एकदा नांदलेले आहेत.

दोनशे वर्षांचा हा इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर प्रत्येक पिढीने माळाला रिकामा समजून त्याच्यावर आपला चांगला हेतू आणून ठेवला. कोणी महसूल आणला, कोणी पाणी, कोणी झाडे, कोणी अभयारण्याची रेघ आणि आता आपण वीज आणली आहे. यांतली एकही गोष्ट वाईट नव्हती. फक्त तेथे आधी कोण राहते, हे विचारण्याचे राहून गेले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या काळात दप्तरात रुजलेली ‘पडीक’पणाची कल्पना आपण स्वराज्यातही तशीच चालविली. माळाला त्याच्या नावाने ओळखावे, दप्तरात गवताळ रान म्हणून त्याची नोंद व्हावी, आणि त्यावर काही आणण्यापूर्वी त्याच्या जुन्या रहिवाशांची, दोन पायांच्या आणि चार पायांच्या, चौकशी व्हावी, इतकी सुधारणा कोणत्याही सरकारला फार पैसे न खर्चता करता येईल.

माळढोक महाराष्ट्रात परत येईल की नाही, हे सांगण्याचे काम इतिहासाचे नाही. त्याला परत यायचे झाले तर उतरायला जागा असावी, हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.